तुझ्या नावावर कमी झालेली वर्षं

ये गं, अशी माझ्याजवळ बस. तिकडं उंबऱ्याशी नको, इथं. आधी तुला रागावणार आहे, बाकीचं मग. आठ दिवस अंगात ताप आणि तू मला म्हणत राहिलीस, "काय न्हाई वन्सं, उनात फिरल्यावानी झालंय." अशी कशी गं तू? कपाळाला हात लावू दिला असतास तर मला कळलं असतं. पण तू मला जवळच येऊ दिलं नाहीस. शेण काढलंस, दळलंस, पाण्याच्या खेपा घातल्यास, आणि ज्या दिवशी भिंतीला धरून खाली बसलीस त्या दिवशी तुझा हात तव्यासारखा लागला. मग जामखेडहून डॉक्टर आणून काय उपयोग? अंगावर दुखणं काढायची तुला खोडच होती. एवढं रागावून झालं. झालं म्हणजे काही झालं नाही, पण पुढचं सांगायचं आहे, ते तुझ्या जिवंतपणी माझ्या तोंडातून निघालं नाही.

वाचणाऱ्या बायांना सांगते, ही माझी भावजय. मी नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली, ही माझ्या धाकट्या भावाची, बापूची बायको. मी शाळेत गेले नाही. बापूच्या पाटीवरून अक्षरं उचलली, आणि पुढं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून हात बसला. ही चेष्टा करायची, "आमच्या वन्सं साकर खात न्हाईत, पुडी वाचत्यात." यमुना हे तिचं खरं नाव नाही. खरं मी मनात घेते, ती ओळखेल.

यमुने, तू गेलीस त्या सकाळी गावानं मला वेडी ठरवलं ते ऐकलंस का? सवाष्ण गेली म्हणून बाया हळद-कुंकू, हिरवं लुगडं, खण-नारळ घेऊन आल्या. तुला न्हाऊ घातलं, मळवट भरला, बांगड्या भरल्या, तोवर मी लांब भिंतीशी उभी होते. विधवेनं अशा वेळी पुढं यायचं नसतं, मला का माहीत नाही? पण ओटी भरायला पहिला हात पुढं आला आणि मी मध्ये गेले. म्हटलं, "हिची ओटी भरायची न्हाई."

पाटलीणबाई म्हणाल्या, "पारूबाई, आवं सवाशीन हाय ती. मोकळ्या पदरानं लावायची व्हय?"

"मोकळ्याच पदरानं."

"बापूला तरी इचारा."

बापू बाहेर तिरडी बांधत होता. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "आक्का म्हनती तसं करा." त्याला तेव्हा काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं, की खटल्यानंतर तू कुणाची ओटी घेतली नाहीस. संक्रांतीला नाही, लग्नकार्यात नाही, तुझ्या माहेरी तुझ्या सख्ख्या भावजयीची सुद्धा नाही. तू मागच्या दारानं निघून यायचीस आणि लोक म्हणायचे, लई गर्व हाय. तेव्हा मी तुझं राहिलेलं एक काम केलं, दुसरं काही नाही. बाया नारळ घेऊन परत गेल्या. सरूही आली होती त्यांच्यात, अगदी मागं, पदराखाली ताट झाकून. तिच्याकडं मी पाहिलं तेव्हा तिनं ते ताट आणखी आत ओढलं.

सरू म्हणजे ज्याच्यावर तो खटला झाला, त्याची आई. त्याचं नाव मी लिहीत नाही. तू कोर्टाबाहेर कधी घेतलं नाहीस, मी कशाला घेऊ?

लढाईचे दिवस होते. शेतात ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. तू बापूची भाकरी घेऊन मळ्याला निघालीस आणि भाकरी पोचली नाही. तू घरी आलीस ती दिवस कलल्यावर, मागच्या दारानं. त्यापुढचं मी लिहीत नाही. तू मला चार वाक्यांत सांगितलंस, ते पुरे होतं. पुढं कचेरीत आणि कोर्टात परक्या पुरुषांपुढं ते तुला तीनदा सांगावं लागलं, आणि प्रत्येक वेळी तू चारच वाक्यांत सांगितलंस. पोलीस पाटील म्हणाला होता, "गावातच मिटवा, बाईचं नाव व्हतं." बापू उठला. पायात वहाणा घातल्या आणि जामखेडला चालत गेला. आपला बापू बोलणारा नाही, पण त्या दिवशी तो असा चालत गेला म्हणून आपल्या घराची मान मला कधी खाली घालावी लागली नाही. सरूचा तो मुलगा पळाला होता मोगलाईत, निजामाच्या मुलखात, मावशीकडं. हद्द काय, दोन कोसांवर. पंधरा दिवसांनी आपल्या पायानं परत आला आणि फौजदारापुढं उभा राहिला. हे पुढं उपयोगी पडलं. त्याला, तुला नव्हे.

खटला नगरला जायचा होता, त्याच्या आधीच्या महिन्यातली गोष्ट. एका शुक्रवारी सरू आपल्या घरी आली. तू चुलीपुढं होतीस. सरू दारातून आत आली ती थेट तुझ्यापुढं बसली. हातात ताट, ताटात हळद-कुंकू, खण, नारळ, ओंजळभर गहू. म्हणाली, "लेकी, वटी भरू दे. मला दुसरं काय बी नगं." तू उठून उभी राहिलीस, भिंतीला टेकलीस. पदर मुठीत घट्ट धरलेला. तू माझ्याकडं पाहिलंस.

आणि मी म्हटलं, "यमुने, वटी परतवू नये. पदर पसर."

वाचणाऱ्या बाया समजतील. दारात आलेली ओटी परतवली तर ते आपल्याच कुंकवावर येतं, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं. ज्या नणंदेचं कुंकू गेलेलं, तिनं हे सांगितल्यावर तू काय करणार होतीस? तू पदर पसरलास. सरूनं कुंकू लावलं, खण-नारळ घातला, रडली आणि गेली. तू खण शिवला नाहीस, नारळाला हात लावला नाहीस. नारळ मी फोडला. पाच-सहा दिवसांनी भाजीत किसून घातला, फुकट का घालवायचा म्हणून. बघ माझी अक्कल.

नगरला गेलो ते कोळशाच्या मोटारीनं. पेट्रोल मिळत नव्हतं, मागं भट्टी लावलेली, चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. घाटात उतरलो तेव्हा तू म्हणालीस, "वन्सं, ही शेगडी हाय का मोटार?" आणि मी हसले, आणि लगेच मला वाटलं, अशा कामाला निघालेल्या बायांनी हसावं का. तू म्हणालीस, "हसा की. तितं गेल्यावर हसायला मिळायचं न्हाई." तुझं खोटं ठरलं. तिथं लोक हसले.

जज्ज साहेब आपल्यातलाच होता, गोरा नव्हे, मराठी समजणारा. त्याच्या बाजूला तीन शहाणी माणसं बसवलेली, त्यांना असेसर म्हणतात. गुन्हा झाला की नाही, एवढं आपलं मत त्यांनी सांगायचं. मान्य करायचं की नाही ते साहेबाकडं, आणि शिक्षा किती ते तर एकट्या साहेबाकडं. तू उभी होतीस. मी मागच्या बाकावर. त्याचा वकील नगरचा, अंगानं बारीक, आवाज अगदी मऊ. त्यानं ज्वारीतलं विचारलं, मग मधेच म्हणाला, "सरूबाई तुमच्या घरी आल्या होत्या ना?"

"आल्या हुत्या."

"कुंकू लावलं?"

"लावलं."

"तुम्ही पदर पसरलात?"

"व्हय."

"नारळाचं काय केलंत?"

 मग म्हणालीस, "खाल्ला."

"म्हणजे गोड मानून घेतला."

"नारळ गोडच असतुया, सायेब."

तेव्हा लोक हसले. एक असेसर सुद्धा. साहेब हसला नाही, खाली मान घालून लिहीत राहिला, आणि त्याच्या लिहिण्याची मला हसण्यापेक्षा भीती वाटली. मग सरकारी वकील उठले. म्हातारे होते, तुझ्याशी नीट बोलायचे. म्हणाले, "बाई, भिऊ नका. ओटी घ्या म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं? कुणी भीड घातली?"

तू मान वळवून मागं पाहिलंस. माझ्याकडं. कितीसा वेळ असेल तो? मला वाटलं, आता माझं नाव येणार. आणि खरं सांगते, मला भीती वाटली. पारूबाईनं भावजयीचा खटला बुडवला, असं गाव म्हणेल ही भीती. तू तोंड फिरवलंस आणि देवाची शपथ घेतलेल्या तोंडानं म्हणालीस, "कुनी न्हाई सांगितलं. मीच पसरला पदर."

मी उठायला हवं होतं. मधेच उठून कुणी बोलू लागलं तर शिपाई खाली बसवतो, हे मला दिसत होतं. तरी उठायला हवं होतं.

असेसरांपैकी दोघे म्हणाले गुन्हा झाला, एक म्हणाला शंका वाटते. साहेबानं गुन्हा झाला असं धरलं. मला वाटलं, संपलं, आता वर्षं सांगतील. पण शिक्षेचं बोलणं वेगळं असतं, हे मला तेव्हा कळलं. त्याचा मऊ आवाजाचा वकील पुन्हा उठला. म्हणाला, बावीस वर्षांचा पोरगा आहे. एकुलता आहे. बापाला दिसत नाही. बायको पोटुशी आहे. यापूर्वी कधी कुणाचं कणीस मोडलेलं नाही. मोगलाईत होता, तिथंच राहता आलं असतं, पण आपण होऊन आला. आणि मग सगळ्यात शेवटी, आवाज आणखी खाली आणून, म्हणाला, "आमच्या मुलखात ओटी भरून घेतली म्हणजे मनातलं गेलं, साहेब. ज्या बाईचं नुकसान झालं तिनंच राग सोडला, मग कायद्यानं किती धरायचा?" सरूबरोबर त्या शुक्रवारी आलेल्या दोन बायांनी आधीच साक्ष दिली होती, की बाईनं हसऱ्या तोंडानं ओटी घेतली. हसऱ्या तोंडानं. तुझं तोंड त्या दिवशी कसं होतं ते मला विचारा.

निकाल इंग्रजीत वाचला. बाहेर लिंबाखाली सरकारी वकिलांनी आम्हाला मराठीत सांगितलं. कायद्यात दहा वर्षांपर्यंत आहे, त्याच्याही पुढं काळ्या पाण्यापर्यंत जाता येतं. ते स्वतः सात-आठ धरून होते. साहेबानं दीड वर्ष दिलं, सक्तमजुरी. "साहेबांनी लिहिलंय," ते म्हणाले, "की फिर्यादी बाईनं आपखुशीनं समेट केलेला दिसतो, म्हणून दया दाखवायला हरकत नाही." बापूनं विचारलं, वर जाता येतं का. ते म्हणाले, "येतं, पण ते सरकारनं जायचं. आणि सरकार एवढ्यासाठी मुंबईला जाणार नाही." त्यांनी तुझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "बाई, कुणी सांगितलं असेल तर आत सांगायला हवं होतं."

तू म्हणालीस, "कुनी सांगितलं असतं तर सांगितलं असतं."

परतीच्या मोटारीत तू माझ्याशेजारी बसलीस. मग मला म्हणालीस, "वन्सं, सायबानं त्याच्या घरची समदी खानेसुमारी केली. बापाचं डोळं मोजलं, बायकोचं म्हैनं मोजलं. माजं काय इचारलं? नारळाचं काय केलं."

यावर मी तुझ्याशी वर्षानुवर्षं भांडले, आठवतं? मला वाटायचं तुला वर्षं कमी पडली याचं दुःख आहे. मी म्हणायची, "आठ दिली असती तर तुझं काय भरून आलं असतं? सुटून तो आलाच असता की." तो सुटून आला तेव्हा त्याचं पोर चालायला लागलं होतं. मळ्याच्या वाटेवर तो समोर आला की तू वाट सोडायची नाहीस. तोच बांधावर चढायचा. पण बाया पाणवठ्यावर म्हणायच्या, "वटी घेतलीया न्हवं? मग आता त्वांड का फिरवती?" एकदा असंच ऐकून तू आलीस आणि मी माझं जुनंच काढलं, आठ वर्षं आणि दीड वर्षं. तू परात खाली ठेवलीस.

"वन्सं, तुमाला कळंना का? दीड दे न्हाईतर दीड म्हैना दे. त्याची आई रडती म्हनून दे, बायकू पोटुशी हाय म्हनून दे. त्ये सायबाचं सायबाला. पन माज्या नावावर का कमी केलं? मी राग सोडलाच न्हवता. कागदावर लिवलं का सोडला. आता त्यो कागद नगरात ऱ्हानार, मी मेल्यावर बी."

  ज्याला माफ करायचं असेल त्यानं आपल्या जिवावर करावं; न केलेली माफी दुसऱ्याच्या नावानं लिहू नये. एवढं साधं होतं, ते साहेबाला कळलं नाही, वकिलांना नाही, आणि मला कळलं ते तू परात ठेवल्यावर. ज्या घरी असा खटला चालू आहे त्या घरच्या बायांना मी एवढंच सांगेन, खटला संपेपर्यंत दारात आलेली ओटी परतवा. पाप लागलं तर माझ्या नावावर लिहा.

आता ते सांगते, ज्यासाठी तुला जवळ बसवलं.

पदर पसर म्हणून मी सांगितलं, हे तुला माहीत होतं, आणि तेवढं तू माझ्यासाठी गिळलंस. पण ते सगळं नव्हतं. सरू आपण होऊन आली नव्हती. चार दिवस आधी ती मला ओढ्यावर भेटली. सरू सून होऊन आली तेव्हापासून आम्ही एका जात्यावर दळलेल्या, माझ्या लग्नात मला हळद तिनं लावलेली. धुणं टाकून तिनं माझे पाय धरले. "पारू, पोराचं काय व्हायचं त्ये हू दे. पन त्या लेकीचा तळतळाट माज्या घराला नगं. मला नुसती तिची वटी भरू दे." आणि मी म्हटलं, "शुक्रवारी ये. बापू बाजारला जातो. मी सांगीन तिला." दिवस मी ठरवून दिला, यमुने. बापू घरी नसेल असा.

आणि अजून आहे. त्या शुक्रवारी सरूच्या मागं दोन बाया उभ्या होत्या, दाराबाहेर. तुला चुलीपुढून त्या दिसल्या नाहीत. मला दिसल्या. माझ्या मनात आलंच, रडायला आलेल्या बाईला साक्षीला दोघी कशाला? तेवढं मला त्या क्षणी कळलं. ताट अजून तुझ्यापुढं यायचं होतं. मी हाताला धरून सरूला बाहेर काढू शकले असते. पण ताटात कुंकू होतं आणि माझी जुनी मैत्रीण रडत होती, आणि माझ्या तोंडून निघालं ते, पदर पसर.

सरूला तरी वकिलानं पाठवलं की तिच्या मनात खरंच भीती होती, मला आजवर समजलेलं नाही. दोन्ही असेल. तिला विचारायचं धाडस झालं नाही, कारण मग तिनं मलाही विचारलं असतं.

तापात शेवटच्या दोन दिवसांत तू तेच बोलत होतीस. "वन्सं, मी पदर माघारी घ्याया पायजे हुता. माजंच चुकलं." मी तुझ्या कपाळावर ओली घडी ठेवत होते, आणि म्हणत होते, "जाऊ दे गं." जाऊ दे, एवढंच. एक वाक्य होतं माझ्याकडं, ते दिलं असतं तर निदान ती चूक तुझ्यावरून उतरली असती. तू दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन गेलीस आणि मी घड्या बदलत राहिले.

बापूला मी तेराव्यानंतर सांगितलं. गोठ्यात होता. सगळं सांगितलं, ओढा, शुक्रवार, दोन बाया. तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होता. ओरडेल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "तिला म्हायती हुतं?"

मी म्हटलं, "न्हाई."

तो म्हणाला, "बरं झालं." आणि बैलांना पाणी दाखवायला घेऊन गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलतो. मीठ दे, कुलूप लाव, एवढं बोलतो. जेवायला बसला की ताटाकडं पाहतो.

बरं झालं का गं ते? मला वाटत नाही. तुझ्या नावानं साहेबानं राग सोडला, आता तुझ्या नावानं बापू म्हणतो तुला न कळलेलंच बरं. सगळे तुझ्या वतीनं ठरवतात. मीही तेच केलं इतकी वर्षं. तू ऐकून काय म्हणाली असतीस, हे मला खरंच माहीत नाही. तू बोलणं टाकलं असतंस, हेही होऊ शकलं असतं. तो तुझा हक्क होता.

म्हणून बोलावते आहे. देवळात ये, मळ्यात ये, पहाटे डोळा लागतो तेव्हा ये, कशीही ये. माझी काळजी करून काही गिळू नकोस या वेळी, माझ्याकडं बघून मान फिरवू नकोस. जे म्हणायचं ते तोंडावर म्हण. मी आता किती दिवसांची सोबती, त्याच्या आत ये. रागावूनच ये, यमुने, पण लवकर ये.